पुढच्या दौऱ्याचं अनुमान

आजच्या विषयात ‘आयर्न मेडन’ हे नाव वाचून काही जण चमकले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हेवी मेटलचं काय पडलंय? पण मला आज त्यांच्या संगीतापेक्षा त्यांच्या चाहत्यांच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. ही मंडळी पुढच्या दौऱ्याचे तर्क लढवत बसतात. दौरा कधी निघेल, कोणत्या काळातली गाणी घेतील, कोणतं वगळतील. त्याला लोक रिकामटेकडा उद्योग म्हणतात. मला ती समीक्षा वाटते, आणि समीक्षा म्हणूनच ती तपासली पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बासवादक स्टीव्ह हॅरिस यांनी 1975 मध्ये पूर्व लंडनमध्ये हा बँड सुरू केला. म्हणजे आता पन्नास वर्षं उलटली. यांची एक पद्धत आहे, ती समजल्याशिवाय बाकी काही कळणार नाही. दौऱ्याची गाणी आधी ठरतात आणि जवळपास तीच यादी, त्याच क्रमाने, प्रत्येक गावात वाजते. मेटॅलिकाने 2023 पासूनच्या दौऱ्यात एका शहरात दोन रात्री आणि एकही गाणं पुन्हा नाही, असा बेत ठेवला. आपल्या मैफलीत तर बुवा यमन घेतील की पूरिया, हे तानपुरे जुळेपर्यंत सांगता येत नाही. मेडनचं तसं नाही. पहिल्या रात्री पडदा उघडला की सगळ्या जगातल्या सगळ्या पैजांचा निकाल लागतो.

हा मान एकदा मुंबईला मिळाला होता. ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या दौऱ्याची पहिली रात्र 1 फेब्रुवारी 2008 रोजी बांद्रा-कुर्ला संकुलात झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. त्या दौऱ्याचं बोइंग 757 चालवण्यात त्यांचाही हात होता. कोलरिजच्या कवितेवरचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे तेरा-चौदा मिनिटांचं गाणं साधारण वीस वर्षांनी परत आलं, ते मुंबईत. ब्राझीलपासून स्वीडनपर्यंतचे चाहते त्या रात्री मुंबईकडे कान लावून होते.

आता तर्काकडे येऊ. चाहत्यांनी एक नियम बसवला होता: एक दौरा नव्या अल्बमचा, पुढचा जुन्या गाण्यांचा. 2005 मध्ये जुनं, 2006 मध्ये नवं, 2008 मध्ये जुनं, 2010 मध्ये नवं, 2012 मध्ये पुन्हा जुनं. इतकं व्यवस्थित की कुणालाही व्याप्ती सिद्ध झाल्यासारखी वाटावी. मग 2021 मध्ये ‘सेन्जुत्सु’ आला आणि नियम कोसळला. नव्या अल्बमचा स्वतंत्र दौरा निघालाच नाही. 2018 मध्ये सुरू होऊन साथीमुळे अडकलेला जुन्या गाण्यांचा दौराच 2022 मध्ये पुढे चालू झाला, सुरुवातीला तीन नवी गाणी घालून. आणि 2023 मध्ये ‘द फ्यूचर पास्ट’ निघाला, त्यात 1986 चा ‘समव्हेअर इन टाइम’ आणि ‘सेन्जुत्सु’ शेजारी शेजारी बसवलेले.

नैयायिक इथे उपाधी शोधतील. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान चालतं. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, असं म्हटलं की फसतं. कारण धुराला ओलं इंधन लागतं, ती अट आपण बोललोच नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. (लोखंडाचं उदाहरण इथे आपोआपच शोभतंय, मी मुद्दाम आणलं नाही.) अल्बम आला म्हणजे त्याचा दौरा येईल, याही अनुमानात न बोललेली अट होती. ती माणसांच्या शरीराची.

2023 चंच बघा. त्या वसंतात चाहत्यांचा सगळा खल एका गाण्यावर चालला होता, ‘अलेक्झांडर द ग्रेट’. 1986 च्या त्या अल्बममधलं शेवटचं गाणं, साडेआठ मिनिटांचं, आणि तोवर रंगमंचावर एकदाही न वाजलेलं. 28 मे रोजी ल्युब्लियानात ते वाजलं. सदतीस वर्षांची मागणी पुरी झाली. ढोलवादक निको मॅकब्रेन यांना त्याच जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला होता आणि उजवी बाजू लुळी पडली होती, हे जगाला कळलं ऑगस्टमध्ये. म्हणजे लोक ‘वाजवतील की नाही’ याच्या पैजा लावत होते तेव्हा हा सत्तरीतला माणूस हात परत कामाला लावत होता. 7 डिसेंबर 2024 ला साओ पाउलोत त्यांनी दौऱ्यांना रामराम केला. 2025 च्या दौऱ्यात त्यांच्या जागी सायमन डॉसन बसले.

माझा आक्षेप तर्क चुकण्यावर नाही. चुकू दे की. आक्षेप असा की पुष्कळ चाहते बँडचा भूतकाळ कोठीतल्या धान्यासारखा मोजतात, हवं ते हवं तेव्हा काढून द्यावं. 2006 मध्ये बँडने ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा सत्तर मिनिटांहून मोठा नवा अल्बम संपूर्ण वाजवला, तेव्हा कुरकुर झाली. मला तो त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात धीट निर्णय वाटतो. आजूबाजूला आपण तीस वर्षं जुन्या टाळ्यांवर जगणारे कलावंत बघतोच.

पन्नाशीचा ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ हा दौरा मे 2025 मध्ये बुडापेस्टला सुरू झाला, तो पहिल्या नऊ अल्बमांचा, 1980 ते 1992. ही रेघ कुणी मारली? 1993 मध्ये डिकिन्सन बाहेर पडले, म्हणून ती तिथे. ब्लेझ बेली यांच्या काळातले दोन अल्बम रेघेच्या पलीकडे गेले. 1999 मध्ये डिकिन्सन आणि एड्रियन स्मिथ परतल्यानंतरचे सहाही गेले, म्हणजे बँडच्या आयुष्याची निम्म्याहून जास्त वर्षं. त्यामुळे आता पुढच्या दौऱ्याबद्दल कुणी यादी मांडली, तर मी आधी बघेन की ‘साइन ऑफ द क्रॉस’ किंवा ‘द क्लॅन्समन’ त्यात आहे का, आणि असेल तर का आहे याचं एखादं कारण दिलंय का. डिकिन्सन यांनी बेलींची ही दोन्ही गाणी 2018 च्या दौऱ्यात गायली आहेत, तेव्हा आवाजाला झेपत नाही ही सबब चालणार नाही.

एवढंच. आता प्रश्न घेऊ.