विमानाचं स्वप्न आणि त्याचं बिल

हायाओ मियाझाकीच्या 'पोर्को रोस्सो' (१९९२) या अ‍ॅनिमेशनपटाबद्दल बोलताना लोक निळा समुद्र, लाल विमान आणि शाप लागून डुक्कर झालेला वैमानिक यांतच रमतात. मला मात्र या सिनेमाचा जीव मधल्या भागात, मिलानच्या वर्कशॉपमध्ये सापडतो.

पोर्कोचं जुनं सीप्लेन कर्टिस नावाचा अमेरिकन वैमानिक पाडतो. उरलेला सांगाडा घेऊन पोर्को पिकोलो या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जातो आणि लगेच पैशांचं बोलणं सुरू होतं. जुनं विमान पुन्हा उडवायचं, तर आधी खिसा रिकामा करावा लागतो.

मंदीमुळे घरातले पुरुष कामाच्या शोधात बाहेर गेलेत. त्यामुळे डिझाइन करते पिकोलोची सतरा वर्षांची नात फिओ, आणि हातोडी-करवत चालवायला जमतात नात्यातल्या बायका. एक आजी तर पतवंडांना खाऊला पैसे हवेत म्हणून आलीय! पोर्को आधी नाक मुरडतो. फिओ रात्रभर जागून ड्रॉइंग काढते, तेव्हा त्याला गप्प बसावं लागतं. जेवणाआधी पिकोलो देवाची माफी मागतो, की बायकांच्या हातून लढाऊ विमान बनवून घेतोय. एवढ्या एका प्रार्थनेत मियाझाकीचं विमानांवरचं प्रेम आणि त्यातली अपराधी भावना, दोन्ही येतात.

सरकारची माणसं मागावर असल्याने चाचणीचं उड्डाणही होत नाही. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकणं म्हणतात. फरक इतकाच, की इथे एक मशीनगन काढून त्या जागी डिझाइन करणारी स्वतः बसते.

तक्रार आहे ती उत्तरार्धाबद्दल. फिओ पैज लावते: पोर्को जिंकला तर कर्टिसने दुरुस्तीची सगळी उधारी फेडायची, हरला तर ती कर्टिसशी लग्न करेल. म्हणजे शेवटचं द्वंद्व वर्कशॉपच्या बिलासाठी आहे. पण त्याची होते दोन पुरुषांची विनोदी गुद्दागुद्दी. ज्यांची मजुरी पणाला लागलीय, त्या बायका तोवर गोष्टीतून गायब झालेल्या असतात. फिओ पुढे कंपनी सांभाळते, हेही निवेदनात जाता जाता कळतं.

तरीही हा सिनेमा पाहाच. विमान बांधायचं स्वप्न पाहणारे पुष्कळ सिनेमे आहेत. त्यासाठी कोण राबलं आणि कशापायी राबलं, हे इतक्या मायेने दाखवणारे मी फार कमी पाहिलेत.