‘बदलापूर’ : सूड, बदल आणि मोबदला

सूडाची कथा भारतीय वाङ्मयाला नवी नाही. महाभारतातील सौप्तिक पर्व हे तिचे प्राचीन आणि भयानक रूप होय. पित्याच्या वधाने पेटलेला अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो आणि त्याच्या शस्त्राखाली धृष्टद्युम्नाबरोबर द्रोणवधाशी संबंध नसलेले द्रौपदीपुत्रही पडतात. मराठी रंगभूमीनेही हा विषय ‘हॅम्लेट’च्या द्वारे जवळ केला, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले. सूड घेणारा मनुष्य सूडानंतर कोण उरतो, हा ह्या परंपरेतील खरा प्रश्न आहे. श्रीराम राघवन ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘बदलापूर’ (२०१५) हा हिंदी चित्रपट तोच प्रश्न आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर मांडतो.

चित्रपटाच्या नावापासूनच विचारास आरंभ करणे योग्य ठरेल. मुंबई-पुण्याकडील प्रेक्षकाला बदलापूर हे ठाणे जिल्ह्यातील, उल्हास नदीकाठचे परिचित गाव आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर वसलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्यातील प्रेक्षकाच्या कानी मात्र ते गाव म्हणून येण्यापूर्वी शब्द म्हणून येते. ह्या दुरून ऐकण्याचाही एक लाभ आहे. हिंदीत त्या नावातून केवळ ‘बदला’, म्हणजे सूड, ऐकू येतो. मराठी कानाला मात्र त्यात ‘बदल’ही ऐकू येतो, आणि ‘मोबदला’ही फार दूर राहत नाही. हे सारे शब्द अदलाबदलीचा अर्थ असलेल्या एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. शिवकालात येथे घोडे बदलले जात, म्हणून गावाला हे नाव पडले, असेही सांगितले जाते. दिग्दर्शकाने श्लेष योजला तो सूडावर. परंतु त्याच्या कथेचे मर्म मराठी शब्दाच्या ह्या विस्तृत अर्थातच अधिक स्पष्ट होते.

कथा मास्सिमो कार्लोत्तो ह्या इटालियन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेली आहे. पुण्यात बँक लुटून पळणारे लियाक आणि हरमन रस्त्यावरील एक मोटार बळकावतात. तीत असलेली मीशा आणि तिचा लहान मुलगा रॉबिन ह्यांना त्या पलायनात प्राण गमवावे लागतात. हरमन पैशांसह निसटतो. लियाक पकडला जातो आणि खून साथीदाराने केला असे सांगत वीस वर्षांची शिक्षा स्वीकारतो. मीशाचा पती रघू पुणे सोडून बदलापुरास येतो आणि वाट पाहत राहतो. पंधरा वर्षांनंतर लियाकला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. त्याच्या सुटकेच्या खटपटीतून रघूला हरमनचा माग लागतो. रघू हरमनला आणि त्याची पत्नी कोको हिला ठार मारतो. त्यानंतर त्याला कळते, की मीशाचा खून हरमनने नव्हे, लियाकनेच केला होता. अश्वत्थाम्याच्या शस्त्राप्रमाणे येथेही घाव भलत्यावरच पडलेला असतो.

रघूची भूमिका वरुण धवन ह्यांनी केली आहे. ‘स्टुडंट ऑफ द इयर’ (२०१२) पासून ते नाचणाऱ्या, हसऱ्या तरुण नायकाच्या भूमिकांत ओळखले जात. येथे त्यांची निवड हाच दिग्दर्शकाचा पहिला डाव आहे. प्रेक्षक त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवण्यास सरावलेला असल्यामुळे नायकाच्या पहिल्या क्रौर्याला तो नकळत संमती देतो, आणि ती संमती मागे घेण्याची वेळ आली असता स्वतःच संकोचतो. धवन ह्यांनी रौद्राचा आविष्कार आक्रोशाने न करता स्तब्धतेने केला आहे. वाढलेली दाढी, जड झालेली चाल आणि स्थिर नजर ह्यांतून पंधरा वर्षे एकाच क्षणी थांबलेला मनुष्य उभा राहतो. मात्र ह्या स्तब्धतेला मर्यादाही आहे. काही प्रसंगांत आतील पोकळी आणि अभिनयातील पोकळी ह्यांतील सीमा पुसट होते.

ही उणीव अधिक जाणवते, ती समोर नवाजुद्दीन सिद्दिकी असल्यामुळे. त्यांचा लियाक लबाड, वाचाळ, भित्रा आणि विनोदी आहे. तुरुंगातून पळण्याचे त्याचे प्रयत्न, झिमलीवरील त्याचे प्रेम, आईशी होणाऱ्या त्याच्या कुरबुरी ह्यांतून खुनी मनुष्याचे एक सामान्य घर दिसू लागते. सिद्दिकी ह्यांनी ह्या पात्रासाठी सहानुभूतीची याचना कोठेही केलेली नाही. लियाक अखेरपर्यंत खोटे बोलतो, आणि म्हणूनच त्याचे शेवटचे खोटे इतके अर्थपूर्ण ठरते. मरण समोर असता तो हरमन आणि कोको ह्यांच्या खुनाचा आरोप स्वतःवर घेतो आणि काही महिन्यांनी तुरुंगातच मरतो. मीशाच्या प्राणांचा हा त्याने दिलेला मोबदला होय. रघूने बदला घेतला. बदल मात्र लियाकमध्ये झाला.

चित्रपटाची गंभीर उणीव त्याच्या स्त्रीचित्रणात आहे. झिमली (हुमा कुरेशी), शोभा (दिव्या दत्ता) आणि कोको (राधिका आपटे) ह्या तिघींचा मूळ गुन्ह्याशी काहीही संबंध नाही. तरीही रघूच्या सूडाची मोठी झळ त्यांनाच पोहोचते. रघूचे अधःपतन दाखविण्यासाठी हे आवश्यक होते, असे समर्थन करता येईल, आणि ते अंशतः मान्यही करावे लागते. परंतु कोकोची विटंबना होत असता चित्रपटाचे लक्ष प्रामुख्याने दोन पुरुषांच्या झुंजीकडेच राहते. थोड्या प्रसंगांत भयाबरोबरच विवाहाविषयीचा भ्रमनिरास व्यक्त करून राधिका आपटे ह्यांनी संहितेने न दिलेले व्यक्तित्व त्या पात्राला मिळवून दिले आहे. मीशाला (यामी गौतम) तर स्मृतीपलीकडे अस्तित्वच नाही. जिच्यासाठी सूड घ्यावयाचा, तीच कथेत सर्वांत अस्पष्ट राहावी, ही सूडकथेची जुनी खोड येथेही सुटलेली नाही.

तरीही ‘बदलापूर’चे स्थान रूढ सूडपटांहून वेगळे मानले पाहिजे. राघवन ह्यांच्याच ‘एक हसीना थी’ (२००४) मध्ये सूड पूर्ण होताच न्याय झाल्याचे समाधान मिळते. येथे ते समाधान हेतुपुरस्सर नाकारले आहे. अखेरीस झिमली रघूला लियाकच्या त्यागाची जाणीव करून देते. लाभलेल्या आयुष्याचे काय करावे, ह्याचे उत्तर रघूपाशी नसते. अश्वत्थाम्याला कृष्णाने मरण दिले नाही. वाहत्या जखमेसह भटकण्याचा शाप दिला. रघूलाही लियाकने जीवनच दिले, आणि तेच त्याचे शासन ठरले.