पाखोमकडे येणारे पाहुणे

लिओ टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही १८८६ सालची कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत, नाहीतर एखाद्या फॉरवर्डमध्ये वाचलेली असते. पाखोम नावाचा शेतकरी हजार रूबल मोजतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवढी जमीन पायी फिरून परत येईल, तेवढी त्याची. तो हावेपोटी लांब जातो, ऊर फुटेस्तोवर धावत परततो आणि टेकडीवर पोचताच मरतो. शेवटी पुरण्यापुरती जमीन त्याला पुरते. तात्पर्य : लोभ वाईट.

एवढंच हाती घेऊन आपण कथा मिटतो. पण सुरुवातीचा पाखोम लोभी नाहीच. त्याची गुरं शेजारच्या जमीनदार बाईंच्या शेतात शिरली, की त्यांचा कारभारी दंड करून त्याला जेरीला आणतो. १८६१ साली रशियातले भूदास कायद्याने मोकळे झाले होते, पण अनेकांच्या वाट्याला आलेली जमीन अपुरी होती आणि तिचे हप्ते डोक्यावर होते. अशा माणसाने शिंगरू विकून, मेहुण्याकडून उसने घेऊन थोडी जमीन घेतली, तर त्याला हाव कशी म्हणायची? टॉलस्टॉयही तो आनंद खराच दाखवतो. स्वतःच्या शेतातलं गवतसुद्धा पाखोमला वेगळं दिसू लागतं.

पंचाईत पुढे होते. आता गावकऱ्यांची गुरं त्याच्या शेतात शिरतात आणि काल दंड भरणारा आज दंड वसूल करतो. झाडं तोडल्याच्या संशयावरून, हाती पुरावा नसताना, एका शेजाऱ्याला कोर्टात खेचतो. जमीन वाढते, गावातली पत उतरते.

मग पाहुणे येऊ लागतात. व्होल्गापलीकडचा एक शेतकरी मुक्कामाला राहतो, तिकडच्या सुपीक जमिनीचं वर्णन करतो; पाखोम बिऱ्हाड हलवतो. तिथे कितीतरी चांगलं चालतं, पण सवय झाली की तेही अपुरं वाटतं. पुढे एक व्यापारी बाश्कीर लोकांच्या स्वस्त जमिनीची बातमी आणतो. शेवटच्या रात्री पाखोमला स्वप्न पडतं. त्यात व्यापारी, शेतकरी आणि सैतान ही एकाचीच रूपं निघतात. कथेचं मर्म मला इथे दिसतं. पाखोमचं समाधान मोडतं ते दुसरीकडचा भाव कळल्यावर.

आपल्याला हे पाहुणे मंडळाच्या गणपतीत भेटतात. आपल्या घराच्या किमतीत ऑस्टिनला काय मिळतं, आपल्याच अनुभवाचा माणूस दुसऱ्या कंपनीत किती घेतो, हे ते जेवणाच्या रांगेत सांगतात. ते काही सैतान नसतात आणि बातमी बहुतेकदा खरीही असते. पण कालपर्यंत पुरेसा वाटणारा पगार घरी पोचेपर्यंत कमी वाटू लागलेला असतो.

तरीही कथेवर माझा एक आक्षेप आहे. टॉलस्टॉयला यास्नाया पोल्यानाची जहागीर वारशाने मिळाली होती. अशा माणसाने शेतकऱ्याला ‘पुरे’ म्हणणं सोपं. सैतानाला सुरुवातीलाच आणून बसवल्यामुळे गरजेची पहिली खरेदी आणि शेवटची जीवघेणी धाव एकाच मापाने मोजली जाते. चेखवच्या १८९८ सालच्या ‘गूजबेरी’ कथेतलं एक पात्र यालाच हरकत घेतं : एवढीशी जमीन प्रेताला लागते, जिवंत माणसाला नव्हे. माझं पोस्टडॉकचं कंत्राट वर्षावर्षाने वाढतं. पहिला पक्का पगार हवासा वाटणं आणि त्यानंतरचा प्रत्येक आकडा हवासा वाटणं, यांत फरक न करणारा उपदेश मला पटत नाही.

हा फरक कुठे शोधायचा, याची खूण कथेतच आहे. ती सुरू होते दोन बहिणींच्या वादाने : शहरातलं जगणं बरं की खेड्यातलं? धाकटी, म्हणजे पाखोमची बायको, खेड्याची बाजू घेते. पहिल्या जमिनीचा विचार नवरा-बायको मिळून करतात. व्होल्गापलीकडे सगळं कुटुंब जातं. बाश्कीरांकडे निघताना मात्र पाखोम बायकोला घर सांभाळायला ठेवतो आणि गडी बरोबर घेतो. एवढ्या जमिनीचं करायचं काय, यावर दोघांचं बोलणं झाल्याचं कथेत कुठे येत नाही. त्याला पुरतो तोही गडीच.

कथा पुन्हा वाचाल तेव्हा जमिनीचे आकडे बाजूला ठेवा आणि बायको कुठे दिसेनाशी होते तेवढं पाहा. नव्या ऑफरचा हिशेब मांडतानाही हे पाहायला हरकत नाही.