‘श्वास’ संपल्यावर

‘श्वास’विषयी पुन्हा लिहावेसे वाटले, त्याला कारण एक मुलगा आहे. लातूरचा, माझ्या स्नेह्यांचा. सातव्या वर्षी त्याच्या लहान मेंदूतील गाठ मुंबईला काढली. आज तो सोळा वर्षांचा आहे. मागल्या दिवाळीत हा चित्रपट आम्ही घरीच पाहिला. सारे डोळे टिपीत असता या पोराने विचारले, “काका, मंग त्याच्या शाळेचं काय झालं?”

मी समीक्षक म्हणवतो. मला उत्तर देता आले नाही.

संदीप सावंतांच्या या २००४ सालच्या कृतीचे मोठेपण मी नाकारीत नाही. जीव वाचेल पण दृष्टी जाईल, हे नातवाला सांगावयाचे कसे, या एका प्रश्नावर ती उभी आहे. आणि आजोबा त्याला इस्पितळातून उचलून जग दाखवावयास नेतात, तो भाग मी कधीही विसरणार नाही. पण परशुराम काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो, आणि संपते. जॉन गुंथरने आपल्या मुलाच्या मेंदूतील गाठीवर लिहिलेले १९४९ चे पुस्तक मृत्यूपाशी थांबते. त्याला ते भागच होते. नुसत्या जगत राहण्याला कथानक कोठून आणावयाचे, ही लेखकांची खरी अडचण दिसते.

या दुखण्यात तर सारे कथानकच नंतर आहे. मेड्युलोब्लास्टोमासारख्या गाठीत शस्त्रक्रियेमागोमाग बहुधा डोक्याला आणि कण्याला किरणोपचार द्यावे लागतात. त्यांची पुरती किंमत त्याच वर्षी कळत नाही. शिकलेले मूल विसरते असे नव्हे. नवे शिकण्याचा वेग मंदावतो, आणि सोबत्यांपासूनचे अंतर वर्षागणिक वाढते. कोणाची उंची खुंटते, कोणाला औषधांमुळे कमी ऐकू येते, कोणाचा चालताना तोल जातो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ साली वेगळे चिकित्सालय काढले, ते उगाच नव्हे. लातूरहून तेथे जावयाचे म्हणजे एक रात्र गाडीत.

त्यातून गाव कोणते, तर ‘लातूर पॅटर्न’चे! नांदेडही त्याच वाटेवर. चौकाचौकांत गुणवंतांची छायाचित्रे, आणि घराघरांत सेकंदांचा हिशेब. ‘नीट’मध्ये २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. या मुलाची आई म्हणते, “येतंय त्याला सगळं, पण घंटा झाल्यावर येतंय.” एवढ्या एका वाक्यात मला जे सापडले, ते आमच्या आजारपणाच्या कथांत सापडत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांतल्या कोणत्या रकान्यात पोराला बसवावयाचे, यावर त्या घरात दोन वर्षे खल चालला आहे. हेही कथेत कोठे येत नाही. आम्हांला आजारी मूल हवे ते करुणरसापुरते. आणि हा तर माझ्या टकलावर विनोद करतो.

हल्ली तो एका वहीत काहीबाही लिहितो. मी वाचावयास मागितली. दिली नाही. “अजून व्हायचंय,” म्हणाला.