टाळेबंदी आणि तमाशा : लोकाश्रयाचा प्रश्न

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले, ते संस्थानिकांच्या आश्रयाने. सातारा-सांगली परिसरातील तमाशाला मात्र प्रामुख्याने गावजत्रांचा लोकाश्रय लाभला. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि कवलापूरचे काळू-बाळू ही याच मातीची देणगी होय.

२५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्यास, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. चैत्र-वैशाखातील जत्रा हा फडांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार. २०२१ मध्येही चैत्रातच निर्बंध आले. या काळात पुढे आलेला पडद्यावरील सादरीकरणाचा पर्याय तमाशापुरता तरी अपुरा होता. बतावणी व वगातील संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असतात; समोरच्या प्रेक्षकाची दाद हा त्या संहितेचाच घटक असतो. तो वगळल्यास उरते ते चित्रण, तमाशा नव्हे.

शिध्याच्या मदतीने कलावंताचे काही दिवस निभावतात. वाद्ये, वाहने व माणसे सांभाळून फड उभा ठेवण्यास ती पुरत नाही. म्हणून जत्रा रद्द झाली तरी गावाने पुढील वर्षाची सुपारी आगाऊ देणे, हाच अशा प्रसंगी लोकाश्रयाचा खरा अर्थ ठरतो.