रेझर खरंच फुकट वाटले होते का? दाढीच्या तीन गोष्टी आणि आपला साहित्य-आढावा

कोर्सवर्क संपताना आमच्याकडे प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागतो. माझा विषय होता रोजच्या वापरातल्या वस्तू आणि माध्यमं. पहिल्याच स्लाइडवर मी ठोकून दिलं, “किंग कॅम्प जिलेट यांनी रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि ब्लेडवर पैसा कमावला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे उदाहरण देताना ही गोष्ट सांगितलीच जाते. तेवढ्यात मागून सरांनी विचारलं, “तेव्हा त्या रेझरची किंमत किती होती?”

मला सांगता आलं नाही. मी तीन ठिकाणी वाचलं होतं, तिन्ही ठिकाणी ‘फुकट’ लिहिलं होतं, पण किंमत एकाही ठिकाणी नव्हती. सर एवढंच म्हणाले, “मग तुम्ही तीन साधनं नाही वाचलीत, एकच गोष्ट तीनदा वाचलीत.”

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर हे वाक्य वहीत लिहून ठेवा. आज मी तेच वाक्य हातात धरून पारंपरिक दाढीबद्दल, म्हणजे डबल एज सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबणाच्या दाढीबद्दल, माध्यमं सांगतात त्या तीन गोष्टी तपासणार आहे. त्याआधी माझी बाजू सांगतो, कारण संशोधकाने आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगावं. आमच्या अण्णांचं तालुक्याच्या गावी सलून आहे. मी ब्लेडच्या पाकिटांत वाढलोय. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही.

गोष्ट पहिली: फुकटचा रेझर

ख्रिस अँडरसन यांनी २००८ मध्ये ‘वायर्ड’ मासिकातल्या लेखात आणि २००९ मध्ये ‘फ्री’ या पुस्तकात जिलेटची गोष्ट सांगितली. ती अर्थातच त्याच्याही आधीपासून फिरत होती. गोष्ट छान आहे: एक धडपड्या माणूस, वापरून फेकायच्या ब्लेडची कल्पना, पहिल्या वर्षी अगदी थोडी विक्री, मग रेझर वाटायची युक्ती आणि अफाट यश.

यातला काही भाग खरा आहे. कंपनी १९०१ मध्ये सुरू झाली. १९०३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर खपले. पातळ पोलादी पट्टीला धार टिकेल इतकी कडक कशी करायची, हा प्रश्न विल्यम निकर्सन या अभियंत्याने सोडवला. गोष्टीत त्याचं नाव सहसा येत नाही. सेफ्टी रेझर ही कल्पनाही जिलेटची नव्हती. अमेरिकेतल्या काम्फे बंधूंनी १८८० मध्येच तसा रेझर काढला होता. फक्त त्याचं पातं पुन्हापुन्हा परजावं लागायचं. जिलेटचं नवेपण होतं ते पातळ, फेकून देता येणाऱ्या पात्यात.

आता किंमत. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०११ च्या एका लेखात सरांचाच प्रश्न विचारला आणि जुन्या किमती व पेटंट यांची सांगड घातली. जिलेटचा रेझर ५ डॉलरला होता. त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा! याला फुकट कसं म्हणणार?

यापुढे पिकर यांचा तर्क नीट बघा, कारण शिकण्यासारखं तिथे आहे. मूठ स्वस्त आणि पातं महाग ही युक्ती कधी चालते? दुसऱ्या कोणाला तुमच्या मुठीत बसणारं पातं बनवता येत नसेल तेव्हा. पेटंट १९०४ मध्ये मिळालं आणि १९२१ मध्ये संपलं. म्हणजे ही युक्ती खेळायला सगळ्यात सोयीची वर्षं हीच होती. पण नेमक्या त्याच वर्षांत कंपनीने रेझर महाग ठेवला. पेटंट संपल्यावर जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरला आला, आणि तेव्हा तर कोणीही जुळणारं पातं काढू शकत होतं. म्हणजे ज्या युक्तीसाठी जिलेट प्रसिद्ध आहे, ती सुरुवातीला खेळलीच गेली नव्हती.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सुमारे ३५ लाख जिलेट रेझर मिळाले, हे खरं. सैनिकाला ते फुकट होते, पण सरकारने ते विकत घेतले होते. ‘फुकट’ हा शब्द दिसला की पैसे कोणी भरले ते शोधायचं, हा माझा त्या सेमिनारनंतरचा नियम.

गोष्ट दुसरी: जेम्स बॉण्डची दाढी

२०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये मकावच्या हॉटेलातला एक प्रसंग आहे. मेणबत्त्यांचा उजेड, आणि ईव्ह नावाची सहकारी उघड्या वस्तऱ्याने बॉण्डची दाढी करते. सिनेमा आल्यावर ब्रिटनमध्ये बातम्या आल्या की वस्तऱ्यांचा खप काही शे टक्क्यांनी वाढला, पारंपरिक दाढी परत आली.

प्रसंग म्हणून तो चांगला जमलाय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बातमीबद्दल आहे. एक तर आकडा विकणाऱ्या दुकानाने दिलेला. दुसरं, टक्के कशाचे? महिन्याला १० वस्तरे विकणाऱ्याने ५० विकले तर वाढ ४०० टक्के होते, आणि वस्तरे मात्र ४० च जास्त खपलेले असतात. मूळ संख्या नसेल तर टक्केवारीला अर्थ नाही. हे आपण संशोधन पद्धतीच्या पेपरात बरोबर लिहितो आणि बातमी वाचताना विसरतो.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अशा लेखांत वस्तरा, सेफ्टी रेझर, ब्रश, साबण सगळं ‘परंपरा’ या एकाच डब्यात भरलं जातं. पण सेफ्टी रेझर आला तोच मुळी वस्तऱ्याची आणि न्हाव्याची गरज संपवायला. जिलेटच्या जाहिराती सांगत होत्या की घरीच, स्वतःच दाढी करा. शंभर वर्षांनी तोच रेझर न्हाव्याच्या दुकानाची आठवण म्हणून विकला जातो. हे म्हणजे मिक्सरला पाट्या-वरवंट्याची परंपरा म्हणण्यासारखं झालं.

या लेखांत तथ्य नाही असं नाही. डबल एजचं पातं कार्ट्रिजपेक्षा खूपच स्वस्त पडतं, प्लास्टिकचा कचरा कमी होतो. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना अनेक पात्यांचा रेझर त्रासदायक ठरू शकतो, कारण केस त्वचेच्या खाली कापला जातो आणि आतच वळतो. मात्र ‘काहींना सोयीचं’ यापासून ‘सगळ्यांसाठी उत्तम’ इथपर्यंत लेख ज्या उडीने जातात, त्या उडीला पुरावा नसतो.

गोष्ट तिसरी: पाण्याचा मग

ही गोष्ट आपल्याकडची, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास ऐकायला मिळणारी. जिलेटने २००२ च्या सुमारास भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर काढला. अडकलेले केस ढकलून काढायला त्यात एक पट्टी होती. चाचणी झाली अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना रेझर आवडला. भारतात मात्र तो अडला, कारण इथे खूप लोक नळाच्या धारेखाली नाही, तर मगभर पाण्यात दाढी करतात, आणि तेवढ्या पाण्यात केस निघत नाहीत. पुढे कंपनीची माणसं लोकांच्या घरी जाऊन बसली आणि २०१० मध्ये गार्ड हा एका पात्याचा रेझर १५ रुपयांना आला, पातं ५ रुपयांना.

सोयीस्कर नमुना निवड म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. भारतीय माणूस हवा होता, भारतीय मिळालाही, पण त्याच्या न्हाणीघरात बोस्टनचा नळ होता. नमुना निवडताना नागरिकत्व मोजलं, पाणी मोजलं नाही.

पण इथेच थांबू नका. ही चुकीची कबुली कंपनीनेच सांगितली आहे, आणि तीही यश मिळाल्यावर. अशा कबुलीत शेवट नेहमी गोड असतो. बातम्यांतला भारतीय माणूस कसा दिसतो ते बघा: अंधाऱ्या खोलीत मांडी घालून बसलेला, हातात छोटा आरसा, जुनाट डबल एज रेझर, गालावर कापल्याच्या खुणा. आता त्याच वर्षांतले अमेरिकन जीवनशैलीचे लेख उघडा. तिथेही डबल एज रेझर आहे, पण संगमरवरी बेसिनजवळ, चंदनाच्या साबणाशेजारी, आणि शीर्षकात ‘सज्जनांची कला’ वगैरे.

अवजार तेच आहे. एका चित्रात ते मागासलेपण आहे, ज्यातून माणसाची सुटका करायची आहे. दुसऱ्यात ती अभिरुची आहे, जी परत मिळवायची आहे. रेझर कोणाच्या हातात आहे, यावर त्याचा अर्थ ठरवला जातो. माध्यमांवरचा माझा मुख्य आक्षेप हा आहे. आणि दोन्ही चित्रांत अण्णा कुठेच नाहीत.

आणि माझी स्वतःची चूक

हे सगळं कळल्यावर मी प्रस्ताव नव्याने लिहिला. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: ‘ब्रश, साबण आणि पात्याने दाढी करण्याची लोप पावत चाललेली परंपरा…’ सरांनी ‘लोप पावत चाललेली’ याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘कोणाच्या गावात?’

त्या शनिवारी मी घरी होतो. सकाळी अण्णांनी नेहमीसारखं डबल एजचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत बसवलं, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलं. ब्रशने फेस, दोन हात, शेवटी तुरटी. दुपारपर्यंत कचऱ्याच्या डब्यात अर्ध्या ब्लेडांचा थर साचला होता. मी विचारलं, “अण्णा, ही अर्ध्या ब्लेडची पद्धत कधीपासून?” ते म्हणाले, “पूर्वी पट्ट्यावर परजायचो. मग ते एड्सचं आलं, लोकच म्हणायला लागले, आधी ब्लेड बदल. बदललं.”

म्हणजे माझ्या घरातली ‘परंपरा’ माझ्याच आयुष्याइतकी जुनी, आणि तिच्यामागे आरोग्याच्या प्रचाराचा हात. मी जिच्यावर संशोधन करायला निघालो होतो ती गोष्ट माझ्यासमोर रोज घडत होती, आणि मी तिचं वर्णन परदेशी लेखातून उचललं होतं. एमआयटीच्या नळाला मी हसलो होतो, पण माझाही नळ तिथलाच होता.

तेव्हा साहित्य-आढावा लिहिताना तीन प्रश्न जवळ ठेवा. सांगणाऱ्याने किंमत किंवा मूळ संख्या दिली आहे का? ती कोणी मोजली आणि मोजणाऱ्याला काय विकायचं होतं? आणि ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय, त्यांच्या घरात पाणी कुठून येतं?

माझ्या प्रस्तावात ते वाक्य आता नाही. त्या जागी सध्या अण्णांचा डबा आहे: एका आठवड्यात किती अर्धी ब्लेडं पडतात ते मी मोजतोय. आकडा अजून पूर्ण झालेला नाही, म्हणून इथे देत नाही.