गाथा हाती आली, पण कोणती?

वाचकहो, वारकऱ्याचे धन कोणते असे कोणी विचारले, तर आपण संतांच्या वाणीकडे बोट दाखवतो. ज्ञानेश्वरी, नाथांचे भागवत आणि तुकोबारायांची गाथा ही आपली प्रस्थानत्रयी. आज हे धन खिशातल्या फोनवर आले आहे. वारीच्या वाटेवर, शेताच्या बांधावर, परदेशातल्या मराठी घरात बोट फिरवताच अभंग समोर येतो. ज्यांनी रात्री जागून हे सारे टंकले त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण उपकार मानून झाल्यावर एक प्रश्न उरतो. समोर आलेली ही गाथा कोणती? कोणत्या पोथीवरून, कोणत्या छापील प्रतीवरून ती घेतली? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर लिहिलेलेच नसते.

हा प्रश्न पंडितांचा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढच्या तीन शतकांत नकला होता होता तिच्यात अपपाठ शिरले. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी तिच्यात घालू नये, अशी ताकीद शेवटी देऊन ठेवली. ती भाद्रपद वद्य षष्ठी आपण ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळतो. पाठशुद्धीचा दिवस ज्या संप्रदायात उत्सवाचा दिवस आहे, त्याने पाठाविषयी बेफिकीर राहणे शोभत नाही.

तुकोबारायांच्या गाथेचेही असेच. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून तिचे दोन भाग निघाले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला आणि पाठभेद पानाच्या तळाशी नोंदवले. मुंबई सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपये दिले. आपण जिला सरकारी गाथा म्हणतो ती १९५० ची आवृत्ती याच कामावर उभी आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सार्वजनिक पैशातून, आधार सांगून, सर्वांसाठी एक ग्रंथ तयार झाला होता.

आता फोनवर काय झाले ते पाहा. तळटीपा गेल्या. पाठभेद गेले. अनुस्वारही गेले, आणि ही हानी लहान नाही. १९६२ च्या लेखननियमांनी आजच्या मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढले. ते आजच्या लेखनासाठी ठीक. पण संतवाणीत ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘संतीं’ म्हणजे संतांनी, ‘घरीं’ म्हणजे घरात. टिंब काढले की कर्ता कोण हेच कळेनासे होते. टंकणाऱ्याला ते टिंब जुनाट वाटते, तो काढतो, आणि अर्थ बदललेली ओळ कीर्तनापर्यंत जाते.

दुसरी अडचण पत्त्याची. जोगमहाराजांच्या गाथेत अभंग चार हजारांच्या वर, तुकाराम तात्यांच्या गाथेत आठ हजारांहून अधिक. एकच अभंग इथे एका क्रमांकाने, तिथे दुसऱ्याच. मग बुवांनी सांगितलेला अभंग श्रोत्याने शोधायचा कसा? आणि शेवटी ‘तुका म्हणे’ जोडून कोणी नवीनच ओळी फिरवल्या, तर त्या कोणत्याच गाथेत नाहीत हे दाखवायचे कसे?

तिसरी अडचण सर्वांत मोठी. प्रत्येक जण वेगळे टंकतो. एकाने सुधारलेली चूक दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. जुन्या फॉन्टमध्ये केलेले काम युनिकोडमध्ये शोधले तर सापडतच नाही, कारण तिथे दिसायला ‘क’ असला तरी आत साठवलेले असते रोमन अक्षर. चालवणारा माणूस थकला की ते संकेतस्थळही बंद. श्रम पुष्कळ, साठा मात्र कुणाचाच नाही.

हे असेच असावे लागते का? नाही. नामदेवरायांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्या ग्रंथाची १४३० पाने ठरलेली आहेत. पानाचा क्रमांक सांगितला की अमृतसर असो वा लंडन, तेच पद समोर येते. पण त्याच नामदेवरायांच्या मराठी अभंगांना असा एक पत्ता नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली. तिची संहिता जपानच्या प्राध्यापक तोकुनागा यांनी संगणकावर आणली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि आज जगभरचे अभ्यासक ती मोफत वापरतात. युरोपातल्या देशांनी तर अशा कामासाठी २०१४ मध्ये ‘दारिया’ ही सामाईक संस्था स्थापली. खर्च ते देश वाटून घेतात. दिंडीची भिशी जशी सर्वांच्या पैशातून चालते, तसेच हे.

काहींना भीती वाटते की पाठभेद उघड केले तर श्रद्धा डळमळेल. नाथांची डळमळली नाही. उलट श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी प्रती ताडून पाहिल्या. एका फडाचा पाठ दुसऱ्यावर लादावा, असेही कोणी म्हणत नाही. सामाईक साठ्यात प्रत्येक परंपरेचा पाठ आपापल्या नावाने नांदू शकतो. अभंगाला एक कायमचा क्रमांक असावा आणि पाठ कुठून आला ते लिहिलेले असावे, एवढेच मागणे आहे.

विद्यापीठे आणि शासन यांनी या साठ्याचा भार घ्यावा. संस्थानांनी आणि फडांनी त्यात सामील व्हावे. आपल्यालाही काम आहे. देव्हाऱ्याजवळ कापडात बांधलेली जुनी बाडे अनेक घरांत आहेत. वाळवी आणि ओल कुणाची वाट पाहत नाहीत. पोथी घरातच राहू द्या, पण तिचे प्रत्येक पान नीट छायाचित्रात उतरवून जवळच्या अभ्यासकाला द्या. अभंग पुढे पाठवताना कोणत्या गाथेतला, कितवा, ते लिहा. टिंब दिसले तर ते तसेच ठेवा. नकलणाऱ्यांनी जे आपल्यापर्यंत जपून आणले, ते आपल्या हातून बिघडू नये, एवढी काळजी आपण घेऊ.

रामकृष्णहरी.